होणाऱ्या बायकोच्या खिडकीखाली गायचंय, कोणतं वाद्य घेऊ? (बजेट ४००० पेसो)

केरेतारोकर: नमस्कार मंडळी. मेक्सिकोत केरेतारोला नोकरी करतो. नुकताच साखरपुडा झालाय. ती वास्तेका भागातली, सिउदाद वायेस शहरातली. डिसेंबरात तिच्या घरी जाऊन सेरेनाता करायची इच्छा आहे, म्हणजे रात्री खिडकीखाली उभं राहून गायचं. गिटार थोडीफार येते. ४००० पेसोंत कोणतं वाद्य मिळेल? आणि गाऊ काय?

नागपुरी_संत्रं: वाद्य कशाला? मारियाची बोलवा. मी ग्वादालाहारात सात जणांचा ताफा नेला होता. व्हायोलिनं, ट्रम्पेट, गितारॉन (खर्जातली मोठी गिटार), सगळं. तुमच्या दुप्पट पैसे गेले, पण तिसऱ्या गाण्याला वर दिवा लागला. लग्नाला नऊ वर्षं झाली.

कोथरूड७०: वेराक्रूसची हाराना घ्या, छोट्या गिटारसारखी असते. आठ तारा, अंग एकाच ओंडक्यातून कोरलेलं. मला ११००० ला पडली. पुण्यात आणल्यावर पहिल्याच पावसाळ्यात लाकडी खुंट्या फुगल्या. सूर लावायला पक्कड लागली.

हर्णैची_लाट: हाराना घेतलीत तर 'ला बाम्बा' बसवा. रिची वॅलेन्सचं.

कोथरूड७०: त्याचं नाही हो! त्यानं १९५८ मध्ये ते रॉकमध्ये नेलं. मूळ वेराक्रूसचं जुनं लोकगीत. त्यावर जोडपं नाचता नाचता जमिनीवरच्या फितीची गाठ पायांनी बांधतं. मी पुढच्या रांगेतून पाहिलंय. तिनं चपलेच्या टोकानं फास धरला, त्यानं टाचेनं ओढला. हात कुणीच लावला नाही.

नागपुरी_संत्रं: मारियाचीच. युनेस्कोच्या यादीत आहे, २०११ पासून.

मोरेलियावाली: पिरेकुआ त्याआधी, २०१० ला. मिचोआकानच्या पुरेपेचा लोकांची गाणी. मुलीला फूल म्हणतात, आवाज चढवत नाहीत. मध्यरात्री शेजारीही उठणार नाहीत.

मीरा_सावंतवाडी: अहो, मुलगी वास्तेकाची आहे! तिथे वापांगो चालतो, म्हणजे तिथलं गाणं आणि नाच. व्हायोलिन, वापांगेरा (मोठी गिटार) आणि पाच तारांची छोटी हाराना (कोथरूडकरांची ती वेगळी). गाणारा मधेच खोट्या आवाजात वर जातो, अंगावर काटा येतो. आणि गाणं सुरू झालं की नाचणारे टाचा आपटायचं थांबवतात, पावलं हलकी टाकतात. शब्द ऐकू यायला हवेत ना! म्हणून आधी कोप्ला, म्हणजे छोटं कडवं, रचा. सहसा आठ आठ मात्रांच्या नव्हे, आठ आठ उच्चारांच्या ओळी. आपली अष्टाक्षरीच समजा.

नागपुरी_संत्रं: वापांगो मारियाचीवालेही वाजवतात.

केरेतारोकर: सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, स्पॅनिश कोप्ला लहानपणापासून ऐकतेय, तू तुझ्या भाषेत गा. त्यामुळे नवीन वाद्य घेत नाही, जुनी गिटारच नेतो. मीराताई, अष्टाक्षरी मराठीतच लिहितोय:

उभा अंगणी केव्हाचा
दिवा लाव गं एकदा

पुढच्या दोन ओळी अडल्यात. 'एकदा'ला यमक सुचवा.

मीरा_सावंतवाडी: 'सर्वदा' बसतंय का बघा.