उभं कुठे राहिलात? जर्मनीतल्या जुन्या गावांमधले फोटो

मंडळी,

वेट्झलारच्या आयझेनमार्क्टमध्ये, म्हणजे लोखंडबाजारात, मी पाऊण तास एकाच जागी उभा होतो. १९१४ साली ऑस्कर बार्नाकनं स्वतः बनवलेल्या छोट्या कॅमेऱ्यातून ह्याच चौकातल्या लाकडी सांगाड्याच्या घराचा फोटो काढला. तो जिथे उभा होता ती जागा जमिनीवर खूण करून दाखवली आहे. बार्नाकला दमा होता. काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा घेऊन हिंडणं त्याला झेपत नसे. म्हणून त्यानं सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवली आणि सिनेमाच्या दोन चौकटींची मिळून एक चौकट केली, २४ × ३६ मिमी. आज आपण जिला फुल फ्रेम म्हणतो ती हीच. वेट्झलारच्याच लाइट्झ कारखान्यानं १९२५ साली तो कॅमेरा 'लायका' ह्या नावानं लायपझिगच्या व्यापारमेळ्यात आणला.

घर अजून तिथेच आहे. समोर सामान उतरवणारी व्हॅन उभी होती, ती जाईपर्यंत थांबलो. चौकट मनाजोगती बसेना म्हणून दोन पावलं डावीकडे सरकलो. फोटो चांगला आला, पण समाधान झालं नाही. पुन्हा खुणेवर आलो आणि तिथूनच काढला. १९२० साली लान नदीचा पूर गावात शिरला तेव्हाही बार्नाक कॅमेरा घेऊन बाहेर पडला होता. ते आठवून संध्याकाळी जुन्या दगडी पुलावर गेलो. मागे टेकडीवर अर्धवट राहिलेलं कॅथीड्रल होतं आणि खाली संथ पाणी.

तुम्हीही अशा गावात कॅमेरा घेऊन गेला असाल तर एकाच फोटोबद्दल लिहा. कुठे उभे होतात, उजेड कसा होता, काय हुकलं?

*

न्युरेंबर्गहून:

रोथेनबुर्गचं प्लोनलाइन तुम्ही कॅलेंडरवर पाहिलं असेलच. रस्त्याला फाटा फुटतो, मधोमध पिवळं घर, डावीकडे वरच्या अंगाला एक बुरूज, उजवीकडे उतारावर वेस. दिवसभर तिथे बसमधून आलेल्यांची रीघ असते, म्हणून आम्ही मुक्काम केला आणि मी जूनमध्ये पहाटे साडेपाचला एकटी तिथे गेले. हवा तसा फोटो मिळाला.

पण लिहायचंय ते दुसऱ्याच फोटोबद्दल. गावाच्या तटावर छपराखालून चालत जाता येतं. चालताना भिंतीत नावांचे दगड दिसायला लागले. ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा पूर्वेकडचा भाग उद्ध्वस्त झाला, तटही ढासळला. तो पुन्हा बांधायला जगभरातून देणग्या आल्या, त्या देणगीदारांची ही नावं. जपानी नावंही बरीच. सासूबाई बरोबर होत्या. त्या वाकून एकेक दगड बघत म्हणाल्या, "आपल्याकडे देवळाच्या पायऱ्यांवर असतात तशीच गं ही." माझ्याकडे फोटो आहे तो त्यांच्या हाताचा, एका नावावरून बोट फिरवतानाचा. तिथे उजेड फार कमी, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ३२०० ठेवावा लागला, त्यामुळे फोटोत दाणे दिसतात. तरी घरात भिंतीवर तोच लावलाय.

*

झीगनहून:

इथून जवळच फ्रॉइडेनबेर्ग आहे. १६६६ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं गाव, पांढऱ्या भिंती, काळी लाकडं, एकासारखी एक घरं. वरच्या बागेतून सगळं एका चौकटीत मावतं. मी तीन वेळा ऊन बघून गेलो आणि तिन्ही वेळा सावल्यांनी घात केला. मग छायाचित्रकार बर्न्ड बेखर आठवले. ते झीगनचेच. ते आणि पत्नी हिला ह्या भागातली अशीच घरं ढगाळ हवेत टिपत, सावली पडू नये म्हणून. चौथ्यांदा मळभ बघून गेलो. जमलं.

*

लायपझिगहून:

क्वेडलिनबुर्ग. मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी, पुण्यात वाड्यात वाढले. लाकडाचे खांब, तुळया, मध्ये विटांची भर, हे माझ्या ओळखीचं. तिथे घरांच्या तुळयांवर साल आणि बांधणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं. पूर्व जर्मनीच्या काळात ह्या गावाची पडझड झाली होती, पाडापाडीचे बेतही होते. १९९४ साली युनेस्कोच्या यादीत नाव आलं. गल्ल्या इतक्या अरुंद की रुंद लेन्सशिवाय घर मावत नाही आणि त्या लेन्सनं उभ्या रेषा कलतात. रात्री लॅपटॉपवर त्या सरळ करायला बसले. एक घर सरळ केलं की शेजारचं कलायचं. तेव्हा कळलं, ती घरं खरोखरच कललेली आहेत, शेकडो वर्षांत लाकूड बसत गेलंय. आमच्या वाड्याचा जिनाही असाच एका अंगाला गेला होता. वाडा पाडला तेव्हा त्याचा एकही धड फोटो आमच्याकडे नव्हता. क्वेडलिनबुर्गचे सगळे फोटो मी न सुधारता ठेवलेत.

*

एका छोट्या गावातून (नाव नको):

मी सात वर्षं अशाच जुन्या घरात भाड्यानं राहते. उन्हाळ्यात माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीचे रोज निदान वीस फोटो निघतात. बहुतेक जण नीट वागतात. पण एकदा माझी मुलगी दारात खेळत होती, एकानं गुडघ्यावर बसून तिचे फोटो काढले आणि काही न बोलता निघून गेला. मला फार लागलं ते. इथे माणसाचा फोटो छापायचा तर त्याची परवानगी लागते, तो कायदा १९०७ पासूनचा आहे. दार वाजवा, विचारा. मी आजवर एकालाही नाही म्हटलेलं नाही.

*

साताऱ्याहून:

वडील स्टुडिओ चालवायचे. प्लेट कॅमेरा, काळं कापड आणि लाकडी तिकाटणं घेऊन एसटीनं गावोगावच्या लग्नांना जायचे. त्यांचा उजवा खांदा कायमचा खाली आला होता. मुलगा गीसनला असतो, त्यानं मला वेट्झलारला नेलं. त्या खुणेवर उभी राहून मोबाइलवर फोटो काढला. त्यात घराचं छप्पर कापलं गेलंय.