रायझन ५ की थेट रायझन ९? सहा कोर पुरतील का

खटपट्या:
मंडळी, नवीन पीसी बांधतोय, बाकी सगळं ठरलंय पण प्रोसेसरपाशी गाडी अडलीये. एकीकडे रायझन ५ ७६०० (६ कोर म्हणजे स्वतंत्र काम करणारे भाग, १२ थ्रेड म्हणजे एकदम चालणारी कामं), दुसरीकडे रायझन ९ ७९५०एक्स (१६ कोर, ३२ थ्रेड). माझं काम म्हणजे दिवसभर सी प्लस प्लसचा मोठा प्रोजेक्ट बिल्ड करणं (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणं), अधूनमधून ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर), आणि रात्री थोडं गेमिंग १४४० पी रिझोल्यूशनवर. सारखं वाटतं की एकदाच काय ते भारी घेऊन टाकावं म्हणजे पाच-सहा वर्षं बघायला नको, पण मग वाटतं ते १६ कोर नुसते बसून राहिले तर?

निळीवायर:
आधी गेमिंगचं सांगतो कारण तिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. दोन्हीत कोर एकाच पिढीचे, झेन ४. ७६०० मध्ये आठ कोरांची एकच चिप असते आणि त्यातले दोन बंद ठेवलेले असतात, ७९५०एक्स मध्ये तशा दोन पूर्ण चिप. कमाल क्लॉक (कोरचा वेग) ५.१ विरुद्ध ५.७ गिगाहर्ट्झ, म्हणजे एका कोरचा फरक धरून चाला १२ टक्के, आणि १४४० पी ला ग्राफिक्स कार्डच आधी दमतं त्यामुळे तेवढाही बहुतेक दिसत नाही. ७९५०एक्स च्या बॉक्सवर ६४ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरमधली जलद मेमरी) लिहिलेली असते ती पण ३२-३२ अशी वाटलेली आहे, एका चिपवरच्या कोरला दुसरीकडची कॅश आपली म्हणून वापरता येत नाही. फक्त गेमसाठीच महाग घ्यायचा असेल तर मग ७८००एक्स३डी बघा, कोर आठच आहेत पण ९६ एमबी कॅश एकाच चिपवर.

रात्रपाळी:
गेमिंगचं पटलं, पण खटपट्या दिवसभर बिल्ड करतात, तिथे कोर लागतातच. मी स्वतः सहावरून सोळावर गेलो आणि पूर्ण बिल्डला जो वेळ जायचा तो इतका कमी झाला की मी परत मागे जाणार नाही. फक्त रॅम विसरू नका, ३२ फाइली एकदम कंपाइल व्हायला लागल्या की १६ जीबी कुठल्या कुठे संपते आणि मशीन स्वॅपवर (रॅमऐवजी डिस्कवर) गेलं की कोर असून उपयोग शून्य.

निळीवायर:
@रात्रपाळी बरोबर, पण पूर्ण बिल्ड दिवसातून किती वेळा होतो? एरवी दोन-चार फाइली बदलतात आणि मग लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडून एक प्रोग्राम करणं), आणि त्यात बराचसा भाग एकाच कोरवर चालतो. समजा एका कोरवर ४० मिनिटांचं काम आहे, त्यातली १० मिनिटं वाटताच येत नाहीत. सहा कोरवर १० अधिक ५, म्हणजे १५ मिनिटं. सोळावर १० अधिक जेमतेम २, म्हणजे १२. कोर अडीच पटीच्या वर आणि वाचली ३ मिनिटं! न वाटता येणारं काम कोर वाढवूनही कमी होत नाही, हे संगणकतज्ज्ञ अॅमडालने १९६७ लाच मांडलंय. ब्लेंडरचं वेगळं, तिथे जवळजवळ सगळंच काम वाटता येतं, पण सायकल्स (ब्लेंडरचं चित्र रेंडर करणारं इंजिन) ग्राफिक्स कार्डवर चालवत असाल तर प्रोसेसरचा प्रश्नच उरत नाही.

थर्मलपेस्ट:
अजून एक, ७९५०एक्स चा टीडीपी (कूलरने हटवायच्या उष्णतेचं ठरलेलं माप) १७० वॉट आहे आणि पूर्ण लोडवर तो २३० पर्यंत ओढतो, ९५ डिग्रीला जाऊन बसतो (बिघाड नाही, तसंच डिझाइन आहे). कूलर बॉक्समध्ये येत नाही, तो भक्कम घ्यावा लागतो, बोर्डही तसाच. ७६०० म्हणजे ६५ वॉट आणि कूलर सोबत. मधला पर्याय कुणी बोललंच नाही, रायझन ९ ७९००, १२ कोर तरी टीडीपी ६५ वॉटच, कूलरसकट. मला तर तोच सगळ्यात शहाणा वाटतो.

खटपट्या:
काल दिवसभर सध्याच्या मशीनवर टास्क मॅनेजर उघडा ठेवून बघितलं. पूर्ण बिल्ड एकदाच झाला, सकाळी. बाकी वेळ लिंकिंग चालू, एक कोर पूर्ण भरलेला आणि बाकीचे रिकामे. ब्लेंडर तर ग्राफिक्स कार्डवरच चालतं माझं. त्यामुळे ७६०० घेतोय, उरलेल्यातून रॅम ६४ जीबी करतोय आणि लिंकर (लिंकिंग करणारा प्रोग्राम) बदलून बघतो, मोल्ड नावाचा एक बरेच कोर वापरतो म्हणतात. सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) एएम५ आहे, पुढे कमी पडला तर त्याच बोर्डवर मोठा बसेल. @थर्मलपेस्ट बोर्ड घेताना व्हीआरएम (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) बघून घेतो, म्हणजे तेव्हा अडायला नको.