काढून टाकलेले एक्स्टेन्शन दुसऱ्या संगणकावरून परत येते

प्रश्न : घरचा लॅपटॉप आणि कार्यालयातील संगणक या दोन्हींवर मी एकाच खात्याने क्रोम वापरतो. पंधरा दिवसांपासून प्रत्येक संकेतस्थळावर नको त्या जाहिराती उघडतात. संशयास्पद एक्स्टेन्शन (क्रोमला जोडला जाणारा छोटा प्रोग्राम) लॅपटॉपवरून काढले, तरी दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर होते. काय करावे?

उत्तर १ : सिंकमध्ये, म्हणजे एकाच खात्याच्या सर्व संगणकांवर क्रोम सारखे ठेवणाऱ्या सोयीत, एक्स्टेन्शनही समाविष्ट असतात, त्यामुळे एका संगणकावर ते पुन्हा बसवणारा एखादा प्रोग्राम दडला असेल, तर तेच खात्यामार्फत दुसरीकडे पोहोचते. आधी दोन्हीकडे सिंक बंद करा, अनोळखी प्रोग्राम आणि एक्स्टेन्शन काढा, खात्यातील सिंकचा साठा पुसा आणि मगच स्वच्छ संगणकावरून सिंक सुरू करा. हा क्रम मोडू नका.

उत्तर २ : जुन्या, विश्वासातल्या एक्स्टेन्शनवरही संशय घ्या. जानेवारी २०१४ मध्ये गूगलने ‘ॲड टू फीडली’ आणि ‘ट्वीट धिस पेज’ ही दोन एक्स्टेन्शन काढून टाकली. मूळ निर्मात्यांकडून ती विकत घेणाऱ्यांनी अपडेटमधून जाहिराती घुसवल्या होत्या आणि अपडेट आपोआप होत असल्याने वापरणाऱ्यांना बदल कळलाच नव्हता.

प्रश्नकर्ता : कार्यालयातील संगणकावर एका फुकट पीडीएफ प्रोग्रामसोबत आलेला अनोळखी प्रोग्राम सापडला. तो काढून सांगितलेल्या क्रमाने सर्व केले. तीन दिवस जाहिरात नाही. मनापासून आभार.