गुलाबपाणी झकास येतंय, पण तेल कुठेय?

उचापती_नाक:
मंडळी, माझ्याकडे वाफेने फुलांचा अर्क काढायची ५ लिटरची तांब्याची छोटी भट्टी आहे. लॅव्हेंडर घातलं की वर तेलाचा थर दिसतो, पण गुलाबाच्या पाकळ्या घातल्या की नुसतं पाणीच, वास मस्त पण तेलाचा पत्ता नाही, आणि मोगऱ्याचं तर विचारूच नका, उकडलेल्या पाल्यासारखा वास येतो. मला यातूनच नॅचरल परफ्यूम बनवायचाय, सिंथेटिक काही न घालता. आच कमी करू की भट्टीच बदलू? आणि ते गुलाबपाणी थेट अल्कोहोलमधे मिसळलं तर चालेल का?

वाफाळ:
भट्टीला काय दोष देताय, हिशोब बघा ना. गुलाबाचं १ किलो तेल निघायला साधारण ३ ते ४ हजार किलो फुलं लागतात, म्हणजे तुम्ही किलोभर पाकळ्या कशाबशा कोंबल्या तरी तेल पाव ग्रॅमच्या आसपास, ते पाईपच्या आतल्या बाजूलाच चिकटून बसणार. लॅव्हेंडरमधे टक्काभर तरी तेल असतं म्हणून ते दिसतं. त्यात गुलाबाच्या वासातला मोठा भाग म्हणजे फिनाइल इथाइल अल्कोहोल, ते पाण्यात बऱ्यापैकी विरघळतं, म्हणून तर तुमचं पाणी इतकं छान येतंय! मोठे उत्पादक तेच पाणी पुन्हा भट्टीत घालून त्यातलं उरलंसुरलं तेल काढतात, पण तेवढा माल आपल्याकडे नसतो. अजून एक, कंडेन्सरमधे (वाफ थंड करायच्या भागात) बर्फाचं पाणी फिरवत असाल तर बंद करा, गुलाबतेलात मेण असतं, गारठ्याने ते नळीतच गोठतं.

निशिगंधवेडी:
मोगरा, जाई, निशिगंध यांना वाफ द्यायचीच नाही हो! नाजूक वास उष्णतेने बिघडतो. जाई आणि निशिगंध तोडल्यावरही बरेच तास वास तयार करत राहतात, म्हणून जुन्या पद्धतीत काचेवर वास नसलेल्या चरबीचा थर देऊन त्यावर फुलं ठेवायचे, जाईची रोज बदलायची, असं चरबी वासाने भरेपर्यंत, मग ती अल्कोहोलने धुवायची. चिकाटीचं काम आहे, पण घरच्या घरी जमतं आणि जो वास मिळतो तो भट्टीतून कधीच मिळणार नाही. फुलं कोरडी हवीत, दव राहिलं की बुरशी आलीच.

कडू_बदाम:
गुलाबपाणी परफ्यूममधे घालू नका. पाणी वाढलं की अल्कोहोलमधली तेलं बाहेर पडतात आणि सगळं दुधाळ होतं. ते वेगळंच वापरा, स्वच्छ उकळून घेतलेल्या बाटलीत, फ्रिजमधे, कारण त्यात जिवाणू वाढायला वेळ लागत नाही. आणि वाफाळ यांच्या हिशोबाला माझा पाठिंबा आहे, पण म्हणून लहान भट्टीत तेलाचा नादच सोडायला हवा असं नाही. रोझमेरी, निलगिरी, गवती चहा, यांचं भरपूर निघतं. ताज्या तेलाला थोडा भट्टीचा शिजका वास असतो, लगेच नाक मुरडू नका, काही आठवडे बाटलीत मुरू द्या. वाळा मात्र लहान भट्टीत नको, त्याला तासन्‌तास वाफ लागते.

उचापती_नाक:
म्हणजे गुलाबाला पर्याय टिंक्चर, पाकळ्या अल्कोहोलमधे भिजवून काढलेला अर्क? अल्कोहोल कुठलं घ्यायचं?

निशिगंधवेडी:
हो, टिंक्चर. ९५ टक्क्यांचं इथेनॉल, कारण पाकळ्यांत पाणी भरपूर असतं आणि ते आपोआप पातळ होतं. पाकळ्या आधी थोड्या सुकवा, एक-दोन दिवसांनी गाळून त्याच अल्कोहोलमधे नव्या घाला, असं बऱ्याच वेळा. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरू नका, त्याचाच वास सगळ्यावर बसतो.

वाफाळ:
आणि इथेनॉल आगीजवळ नको, भट्टी चालू असताना तर अजिबात नाही. भट्टीत बारीक पूड दाबून भरायची नाही हेही सांगतो, वाफेची वाट बुजली की झाकण उडतं.