सेकंड प्रोफ (एमबीबीएसची दुसरी व्यावसायिक परीक्षा): फार्मॅकमध्ये (औषधशास्त्र) २ आणि मायक्रोमध्ये (सूक्ष्मजीवशास्त्र) ४ गुण कमी. उत्तीर्णतेच्या नियमालाच हायकोर्टात आव्हान देता येईल का?

बॅकबेंच_एमबीबीएस

बॅच २०१९ च्या नियमांखालची (जीएमईआर म्हणजे पदवी वैद्यकीय शिक्षणाचे केंद्रीय नियम, सीबीएमई म्हणजे क्षमताधारित अभ्यासक्रम). निकाल असा:

पॅथो (विकृतिशास्त्र): पास.
फार्मॅक थिअरी: पेपर १ मध्ये ६७, पेपर २ मध्ये ३८. एकूण १०५/२००.
मायक्रो थिअरी: ५३ आणि ४३. एकूण ९६/२००.
प्रॅक्टिकल-व्हायवा तिन्ही विषयांत पन्नाशीच्या वर.

प्रश्न तीन. फार्मॅकमध्ये एकूण ५२.५ टक्के असूनही नापास, मग प्रत्येक पेपरला किमान ४० ची अट मनमानी आहे म्हणून रिट (हायकोर्टातली घटनात्मक याचिका) टाकता येईल का? ते नाही जमलं तर ग्रेसचे (सवलतीचे) २ गुण देऊन निदान फार्मॅक तरी सोडवा, अशी मागणी करता येईल का? आणि कोर्ट दुसऱ्या परीक्षकाकडून पेपर पुन्हा तपासून घेतं का? हॉस्टेलवर प्रत्येक जण वेगळं सांगतोय.

नियमावली_उघडा

आधी नियम, मग कोर्ट. २०१९ च्या नियमांत दोन पेपरच्या विषयाला दोन अटी एकत्र आहेत: प्रत्येक पेपरला किमान ४० टक्के आणि दोन्ही मिळून किमान ५० टक्के. शिवाय थिअरी आणि प्रॅक्टिकल (व्हायवा धरून) यांत वेगवेगळे ५० टक्के. तुम्ही फार्मॅकमध्ये पहिल्या अटीवर अडलात, मायक्रोमध्ये दुसऱ्या. ही आकडेमोड विद्यापीठाने मनाने केलेली नाही, अट केंद्रीय नियमातूनच आली आहे. म्हणून नियमाला आव्हान द्यायचं तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला प्रतिवादी करावंच लागेल. एकट्या विद्यापीठावर टाकलेली याचिका तिथेच लंगडी होते.

आता ग्रेस. इथे बहुतेक जण फसतात. २०१९ च्या मजकुरानुसार विद्यापीठ स्वतःच्या अखत्यारीत जास्तीत जास्त ५ गुण देऊ शकतं, पण ते संपूर्ण परीक्षा पार होत असेल तरच. एखादा विषय सोडवून त्यात सूट मिळवून देण्यासाठी ते गुण वापरता येत नाहीत. म्हणजे "२ द्या, फार्मॅक सुटू द्या, मायक्रो सप्लीला (नापासांच्या फेरपरीक्षेला) देतो" हे बसत नाही.

तुम्हाला एकूण लागतात २ + ४ = ६. कमाल मर्यादा ५. तेव्हा तुमची लढाई एका गुणाची आहे. मायक्रोचा एक गुण रिटोटलिंगमध्ये (गुणांच्या फेरबेरजेत) वाढला तर ९७ होतात, तूट ३ + २ = ५ वर येते आणि अख्खी परीक्षा ग्रेसच्या टप्प्यात येते. फार्मॅक पेपर २ चा एक गुण वाढला तरी हिशोब तोच. विद्यापीठाच्या अध्यादेशात हे ५ गुण किती विषयांत विभागता येतात आणि पेपरच्या किमान गुणांसाठी चालतात का, ते कलम शब्दन् शब्द वाचा. ग्रेस हा हक्क नाही. पण नियमात बसणाऱ्या सगळ्यांना दिला आणि तुम्हाला नाही, तर तो भेदभावाचा मुद्दा होतो.

२०२३ च्या सीबीएमई मार्गदर्शक सूचनांनी ग्रेस काढूनच टाकला. ज्युनिअर बॅचने हे गणित आपल्याला लावू नये.

रिटवाला

ग्रेसचं वर आलंच आहे, मी कोर्टापुरतं लिहितो.

फेरतपासणीचा हक्क नियमात असेल तरच मिळतो. 'महाराष्ट्र राज्य माध्यमिक मंडळ वि. परितोष भूपेशकुमार शेठ' (१९८४) पासून सर्वोच्च न्यायालय हेच सांगतंय. 'रण विजय सिंह' (२०१७) मध्ये थोडी फट ठेवली: नियम नसला तरी चूक उघड दिसत असेल, ती शोधायला तर्क लढवावा लागत नसेल, तर क्वचित प्रसंगी कोर्ट हात घालतं. वैद्यकीयसाठी २०२२ चा 'डॉ. एनटीआर आरोग्य विद्यापीठ वि. डॉ. येरा त्रिनाध' वाचाच. हायकोर्टाने उत्तरपत्रिका मागवून घेतल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने ते चुकीचं ठरवलं, कारण विद्यापीठाच्या नियमात फेरमूल्यांकन नव्हतं. त्यामुळे "बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या" ही प्रमुख मागणी असलेली याचिका बहुधा पहिल्याच तारखेला गळते.

नियम मनमानी आहे हा मुद्दा तर आणखी कठीण. किती टक्क्यांना पास, हे धोरण आहे. न्यायाधीश तिथे आपलं मत घालत नाहीत. विद्यापीठ केंद्रीय नियमापेक्षा कडक अट घालू शकतं, सैल मात्र करू शकत नाही. 'डॉ. प्रीती श्रीवास्तव' (१९९९) मधलं सूत्र हेच. म्हणून "विद्यापीठाने आयोगापेक्षा कडक केलं" एवढ्यानेही काम होत नाही.

मग टिकतं काय? माझ्या मते प्रक्रिया. विद्यापीठाने स्वतःचाच नियम मोडला असेल तर. तुमच्या अध्यादेशात दोन परीक्षकांची तपासणी लिहिली आहे आणि एकानेच तपासली, दोघांच्या गुणांत ठरलेल्या मर्यादेहून जास्त फरक असूनही तिसऱ्याकडे गेली नाही, लिहिलेलं उत्तर तपासलंच नाही, किंवा नव्या बॅचचा नियम जुन्या बॅचला लावला. अशा ठिकाणी न्यायाधीशांना उत्तर बरोबर की चूक हे ठरवावं लागत नाही, कागदावर कागद ठेवला की चूक दिसते.

जागेबद्दल: विद्यापीठाचं मुख्यालय कुठेही असो, दाव्याचं कारण अंशतः जिथे घडलं तिथल्या हायकोर्टातही राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६(२) खाली जाता येतं. विदर्भातल्या कॉलेजसाठी नागपूर, मराठवाड्यासाठी छत्रपती संभाजीनगर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग यांसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे.

पानं_मोजा

वरचं सगळं फोटोकॉपी हातात आल्यावर. निकालानंतरच्या परिपत्रकात फोटोकॉपी आणि रिटोटलिंगची मुदत असते. ती चुकवून नंतर कोर्टात गेलं की पहिला सवाल तोच: उपलब्ध मार्ग का वापरला नाही?

मायक्रोचे दोन्ही पेपर आणि फार्मॅक पेपर २ मागवा. तपासायचं असं. पानं मोजा, पुरवणी जोडली असेल तर तिचा क्रमांक जुळतो का बघा. ऑनस्क्रीन तपासणीत पुरवणी स्कॅनच न होणं हा खरा धोका आहे. मग प्रत्येक उपप्रश्नाचे गुण स्वतंत्र कागदावर उतरवून बेरीज करा आणि मुखपृष्ठाच्या तक्त्याशी ताडा. "० गुण" आणि "तपासलंच नाही" यात फरक आहे: उत्तर लिहिलेलं असून त्या पानावर टिक, रेघ, आकडा काहीच नसेल तर त्या पानाचा क्रमांक टिपून ठेवा. अर्धे गुण आणि त्यांचं पूर्णांकन बघा. एका गुणाचा खेळ असेल तर तो बहुतेक इथेच सापडतो. "उत्तर चांगलं होतं, ७ पैकी ३ च दिले" हे मात्र सोडून द्या, त्याचा उपयोग शून्य.

फोटोकॉपी नाकारली तर माहिती अधिकार. 'सीबीएसई वि. आदित्य बंदोपाध्याय' (२०११) नुसार स्वतःची उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि प्रत घेण्याचा हक्क आहे, परीक्षकाचं नाव झाकून. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवस. तोवर सप्ली तोंडावर येते, म्हणून हा दुसरा पर्याय. आणि अर्जातच लिहा की निर्णय होईपर्यंत उत्तरपत्रिका नष्ट करू नये, कारण जतन करण्याची मुदत संपली की हक्क राहून उपयोग नाही.

बॅकबेंच_एमबीबीएस

फोटोकॉपीचा अर्ज आजच करतो. एकच शंका: सप्लीचा फॉर्म भरला तर "निकाल मान्य केला" असं धरतात का? आणि कोर्टाकडून थर्ड पार्ट वनला (तिसऱ्या व्यावसायिक परीक्षेच्या पहिल्या भागाला) तात्पुरतं बसू द्या, असा आदेश मिळतो का?

रिटवाला

फॉर्म भरा. सोबत परीक्षा नियंत्रकांना ईमेल आणि कॉलेजमार्फत पोच घेऊन पत्र द्या: "माझे हक्क अबाधित ठेवून अर्ज करत आहे." केससाठी सप्ली सोडणं हा आतबट्ट्याचा व्यवहार.

तात्पुरत्या आदेशावर विसंबू नका. 'गुरु नानक देव विद्यापीठ वि. परमिंदर कुमार बन्सल' (१९९३) मध्ये परीक्षा पास न होताच इंटर्नशिपला बसू देणाऱ्या अंतरिम आदेशांवर सर्वोच्च न्यायालयाने चांगलंच सुनावलं होतं. सेकंड प्रोफ पूर्ण झाल्याशिवाय थर्ड पार्ट वन देता येत नाही, हा नियम कोर्ट सहसा वाकवत नाही.

रिटोटलिंगमध्ये तो एक गुण मिळाला आणि तरीही ग्रेस नाकारला, तर नकार लेखी मागा. तो कागद, अध्यादेशातलं कलम आणि फोटोकॉपीचं संबंधित पान, एवढ्यावर याचिका उभी राहते. मागणीही तेवढीच ठेवा: सुधारित गुणांवर ग्रेसच्या कलमानुसार ठराविक मुदतीत निर्णय घ्यावा.