चर्चा: नेटहॅकने डॉस आणि व्हीएमएसला अजून किती दिवस सांभाळायचं?

तळमजला२७:
नेटहॅक हा तळघराच्या पातळ्या उतरत जायचा संगणकावरचा खेळ १९८७ चा, तोही हॅक या आधीच्या खेळावरून बेतलेला. माझा जीव आहे या खेळावर, म्हणूनच स्पष्ट लिहितो. ३.७ या आवृत्तीच्या कामात ओएस/२, अटारी, बीओएस या जुन्या संगणक-प्रणालींसाठीचा कोड 'आउटडेटेड' नावाच्या फोल्डरमध्ये हलवला, ते योग्यच झालं. मग डॉस आणि व्हीएमएस या तशाच जुन्या प्रणालींना अजून का ठेवलंय? ३.४.३ आलं २००३ मध्ये, ३.६.० थेट २०१५ मध्ये. काम करणारे हात मोजकेच आहेत. ते लिनक्स, मॅक आणि विंडोजसाठीच वापरावेत.

मेकफाइल_प्रेमी:
अजिबात पटलं नाही. वेगवेगळ्या मशिनवर बांधताना, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्राम तयार करताना, ज्या चुका सापडतात, त्या एकाच मशिनवर बसून वर्षभर दिसत नाहीत. इंटेलवरच्या लिनक्समध्ये सी भाषेतला साधा 'चार' (char, एका बाइटचा प्रकार) ऋण आकडा धरतो. एआरएम (मोबाइलमध्ये असतो तो प्रोसेसर) वरच्या लिनक्समध्ये धरत नाही. तिथे -१ चे २५५ होतात आणि 'शून्यापेक्षा लहान आहे का' ही तपासणी कायमची खोटी ठरते. नेटहॅकमध्ये 'एसचार' (schar, ऋण आकडा नक्की धरणारा) हा वेगळा प्रकार आहे तो यासाठीच.

तळमजला२७:
एआरएम तर आज प्रत्येकाच्या खिशात आहे. तो सांभाळायलाच हवा, त्यावर माझा वाद नाही. व्हीएमएसचं बोला.

रात्रपाळी:
व्हीएमएस मी कधी वापरलेलं नाही, पण डॉसचं सांगते. ३.६ मध्ये खेळातल्या पातळ्यांचं वर्णन आधी वेगळ्या कंपायलरमधून (रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून) काढावं लागे आणि बाहेर पडायची बायनरी फाइल, म्हणजे फक्त मशिनला वाचता येणारी. बांधणारं मशिन एक आणि खेळायचं दुसरं असेल, तर पूर्णांकाच्या आकारापासून सगळी बोंब. ३.७ मध्ये त्या पातळ्या लुआ या छोट्या प्रोग्रामिंग भाषेत आल्या, साध्या मजकुराच्या फाइली. आता डॉसची आवृत्ती लिनक्सवर बसून डीजेजीपीपी या डॉससाठीच्या कंपायलरने बांधता येते, जुनं मशिन लागतच नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वेबअसेम्ब्ली या स्वरूपातलं बिल्डही याच क्रॉस-कंपाइलच्या (एका मशिनवर बसून दुसऱ्यासाठी बांधायच्या) वाटेने होतं. डॉस ओझं आहे म्हणता, पण पुढच्या पोर्टला, म्हणजे खेळ नव्या प्रणालीवर नेण्याला, लागणारी वाट तीच आहे.

तळमजला२७:
लुआचा मुद्दा मान्य. पण कंपाइल झालं म्हणजे खेळ चालला असं नाही. डॉसवर पन्नास पातळ्या खाली उतरून कोण बघतंय? आणि ३.६ चा ३२-बिट मशिनवरचा सेव्ह (साठवलेला खेळ) ६४-बिटवर उघडत नाही, कारण स्ट्रक्चर, म्हणजे मेमरीतली माहितीची मांडणी, जसंच्या तसं फाइलमध्ये ओतलेलं. मला विचाराल तर खेळाडूला खरा त्रास तो आहे.

मेकफाइल_प्रेमी:
सेव्हचं दुखणं खरंच आहे. पण ते नीट करायचं तर आकड्यातल्या बाइटचा क्रम आणि आकड्यांचा आकार वेगळे असलेली मशिन समोर असायला हवीत ना? तीच तुम्ही काढायला निघालात. डॉसचा कोड तो सांभाळणाऱ्याने सोडला की हलवा 'आउटडेटेड'मध्ये. तोवर त्याला हात लावू नका.