चालणे हवेच, पण तेवढ्याने मांड्या भरत नाहीत

सत्तरीनंतर रोज तासभर चालणे पुरेसे असून वजने उचलण्याच्या फंदात पडू नये, असे म्हटले जाते. चालण्याने हृदयाला होणारा फायदा मान्यच आहे. पण सपाट रस्त्यावर मांडीच्या स्नायूंवर इतका थोडा भार येतो, की वयानुसार होणारी त्यांची झीज त्याने भरून निघत नाही. माझी आई नेमाने फिरायला जात असे, तरी बैठ्या सोफ्यावरून उठताना तिला दोन्ही हात टेकावे लागत. फिजिओथेरपिस्टने तिला हात छातीशी घेऊन खुर्चीतून उठबस करायला लावली, आधी आसनावर जाड उशी ठेवून आणि मग उशी काढून. वजनाचे पट्टे घोट्यांना बांधणे त्यानंतर आले.

वयाची धास्ती वाटत असेल, तर वृद्धरोगतज्ज्ञ डॉक्टर मारिया फियाटारोन यांनी बोस्टनमध्ये केलेला आणि १९९० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. वृद्धसेवा केंद्रात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींना त्यांनी आठ आठवडे पायांचे भारव्यायाम दिले आणि भार कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत नेला. व्यायामक्रम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मात्र चार आठवडे व्यायाम थांबताच कमाल ताकद ३२ टक्क्यांनी घटली, आणि मला हा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. म्हणूनच आजारपणात किंवा प्रवासात खंड पडला, तर जुन्याच वजनाने सुरुवात न करता ते कमी करून पुन्हा हळूहळू वाढवावे, आणि वजन उचलताना श्वास रोखून धरू नये. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी तर मुळीच नाही.